कच्च्या टेपा : ल्योनच्या एका जोडीची घरगुती गाणी

फ्रेंच भाषेत दोन या आकड्याचा उच्चार आपल्या लिपीत नेमका उतरत नाही. ओठांचा चंबू करून 'दे' म्हणायचा प्रयत्न केला तर साधारण जमतं. मी या लेखात तो 'द्यो' असा लिहितो आहे. संस्कृतातला 'द्वौ', लॅटिनमधला 'दुओ', फ्रेंचमधला हा 'द्यो' आणि आपला 'दोन' ही एकाच घरातली भावंडं. १९८१ साली फ्रान्समधल्या ल्योन शहरात जेरार पेल्तिए आणि काती तेत या दोघांनी एकत्र गाणी करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी आपल्या जोडीचं नाव तेवढंच ठेवलं : 'द्यो'. म्हणजे दोघं.

दोघंच होते. ढोलकिया नव्हता, गिटारवाला नव्हता, ध्वनिमुद्रक नव्हता. तालासाठी एक यंत्र, सुरांसाठी सिंथेसायझर आणि दोन आवाज, एक पुरुषाचा आणि एक बाईचा. गाणं अर्धं म्हटलेलं, अर्धं बोललेलं, कधी फ्रेंचमध्ये तर कधी इंग्रजीत. आणि आवाजात भावनेचा चढउतार जवळजवळ नाही. रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा दोघांनी वाटून घेतल्यासारखं ते पहिल्यांदा वाटतं. त्या दशकात त्यांच्या हातून काही कॅसेटी आणि मोजक्या छोट्या तबकड्या बाहेर पडल्या. त्या थोड्यांनी ऐकल्या आणि विषय संपला. मग २०१० साली न्यूयॉर्कच्या 'मिनिमल वेव्ह' या छोट्या कंपनीने त्यांच्या जुन्या मुद्रणांचा 'डेकेडन्स' नावाचा संग्रह काढला. ती गाणी झाली तेव्हा जन्मलेलेही नव्हते, असे श्रोते त्यांना त्यानंतर मिळाले.

मी ती ऐकली तीही या संग्रहातूनच, आणि बरीच उशिरा. गेली काही वर्षं मी ओळखीपाळखीच्या घरांतल्या जुन्या कॅसेटी आणि स्पूल संगणकावर उतरवून देतो. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. त्यामुळे कुणाच्या तरी कपाटातली टेप तीस वर्षांनी जगापुढे आली, असं ऐकलं की माझ्या मनात गाण्याआधी दुसरेच प्रश्न येतात. ही टेप मुळात घरात का केली गेली? ती हरवली कशी आणि टिकली कशी? आणि ती बाहेर काढायचा अधिकार कुणाचा? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

स्टुडिओ घरात आला तो असा

फ्रान्समध्ये आवाजांशी खेळण्याची परंपरा एका जोडीपासूनच सुरू झाली, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. पिएर शेफेर हा रेडिओतला अभियंता. १९४८ साली त्याने पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात जाऊन वाफेच्या इंजिनांचे आवाज मुद्रित केले आणि ते जोडून एक रचना केली. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला ती आणि तशाच इतर रचना फ्रेंच रेडिओवरून प्रसारित झाल्या. तेव्हा त्याच्याकडे टेप नव्हती, तबकड्या होत्या. तबकडीवरची खाच स्वतःलाच मिळेल अशी बंद केली की सुई त्याच वर्तुळात फिरत राहते आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजतो. या बिघाडाचं त्याने साधन केलं. पुढच्याच वर्षी पिएर आन्री हा तरुण तालवादक त्याला येऊन मिळाला. दोघांनी मिळून केलेली 'एकट्या माणसासाठी सिंफनी' ही रचना मार्च १९५० मध्ये पॅरिसमध्ये सादर झाली. व्यासपीठावर वादक नव्हते, फक्त लाउडस्पीकर होते. या प्रकाराला शेफेरने 'म्युझिक काँक्रेत' म्हटलं. आधी कागदावर स्वर लिहायचे आणि मग ते वाजवून घ्यायचे, हा नेहमीचा क्रम. इथे प्रत्यक्ष आवाज आधी हातात येतो आणि त्यातून रचना होते.

पण हे सगळं सरकारी रेडिओच्या इमारतीत चाललं होतं. यंत्रं महाग होती आणि ती चालवायची तर संस्थेत शिरावं लागे. आन्री १९५८ मध्ये तिथून बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा खासगी स्टुडिओ उभा केला. नंतर तर त्याने आपल्या राहत्या घराचंच टेपांचं कोठार केलं. १९६३ सालची त्याची एक प्रसिद्ध रचना एका कुरकुरणाऱ्या दारावर आणि एका उसाशावर बेतलेली आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण दार हे घरातलं वाद्य आहे. ते वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढची पायरी १९७६ सालची. शेफेरच्या संस्थेत काही काळ शिकलेला झाँ-मिशेल जार याने 'ऑक्सिजेन' ही तबकडी पॅरिसमधल्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात मांडलेल्या तात्पुरत्या स्टुडिओत, आठ ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केली. अनेक कंपन्यांनी ती नाकारली होती. नंतर ती जगभर लाखोंनी विकली गेली. पण आठ ट्रॅकचं यंत्र तेव्हाही सामान्य घराला परवडणारं नव्हतं. घराघरांतलं चित्र पालटलं ते कॅसेटमुळे.

इथे थोडं तंत्र सांगायला हवं. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या कॅसेटमध्ये चार मिलिमीटरहूनही अरुंद फीत असते आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. या अरुंद फितीवर चार पट्टे असतात : दोन एका बाजूचे, डाव्या-उजव्या आवाजाचे, आणि दोन दुसऱ्या बाजूचे. म्हणून आपण कॅसेट उलटून लावत असू. १९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचं यंत्र काढलं. त्यातली युक्ती साधी होती. कॅसेट उलटायचीच नाही. चारही पट्टे एकाच दिशेने वापरायचे आणि फीत दुप्पट वेगाने चालवायची. म्हणजे पहिल्या पट्ट्यावर ताल भरायचा, तो ऐकत दुसऱ्यावर सूर भरायचे, ते दोन्ही ऐकत तिसऱ्यावर आवाज. तीन पट्टे भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या तिघांवर पुन्हा नवं काही भरायचं. प्रत्येक उतरवणीत फितीची सरसर थोडी वाढते आणि आवाजावरची चकाकी थोडी उतरते. तेवढी किंमत मोजायची तयारी असेल, तर एका टेबलावर, शेजाऱ्यांना त्रास न देता, अख्खा वाद्यवृंद उभा करता येत होता.

दोघंच का?

ज्याला आज 'मिनिमल सिंथ' किंवा 'कोल्ड वेव्ह' म्हणतात त्या प्रवाहात जोड्या पुष्कळ दिसतात. पॅरिसचे एली आणि जाक्नो. नान्सी शहरातली 'कास प्रॉडक्ट' ही मोना सोयोक आणि स्पात्झ यांची जोडी, ज्यातला स्पात्झ मनोरुग्णालयात काम करत असे. आणि पुढे खूप गाजलेली 'ले रिता मित्सुको', म्हणजे कात्रीन रँजे आणि फ्रेद शिशाँ. याचं कारण मला आधी भावनिक वाटत असे, प्रेमी युगुलं वगैरे. पण खरं कारण बरंचसं व्यवहाराचं आहे.

बँड करायचा तर चार-पाच माणसं, सरावाची जागा, ढोल ठेवायला खोली आणि ते वाहून न्यायला गाडी लागते. तालयंत्र आलं आणि ढोलवादक गळला. एका वेळी एकच स्वर काढणारा स्वस्त सिंथेसायझर आला आणि खर्जाचं काम त्याने उचललं. उरलं ते एकाने बटणं सांभाळायची आणि दुसऱ्याने गायचं, किंवा दोघांनी दोन्ही करायचं. एकट्याने केलं तर समोर ऐकणारं कुणी नाही. तिसरा आला तर खोली पुरत नाही. दोन ही या खोलीची नैसर्गिक संख्या होती.

काळही अनुकूल होता. १९८१ साली मितेराँ अध्यक्ष झाले आणि रेडिओवरची सरकारी मक्तेदारी सैल झाली. तोवर चोरून चालणाऱ्या खासगी रेडिओ केंद्रांना कायद्याने मुभा मिळाली. त्याआधी पंकच्या लाटेने एक गोष्ट तरुणांच्या मनात पक्की केली होती : वाद्य उत्तम येत नसलं तरी गाणं करायला हरकत नाही. आणि कॅसेट टपालाने पाठवता येत होती. वीस-पंचवीस प्रती घरीच काढायच्या, मुखपृष्ठ झेरॉक्स करायचं आणि पाकिटात घालून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या अशाच कुणाला धाडायचं. आपल्याकडच्या अनियतकालिकांच्या चळवळीची ज्यांना आठवण आहे, त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याकडे चक्रमुद्रित अंक हातोहात फिरत. तिथे कॅसेटी फिरत होत्या.

डेमो म्हणजे काय?

डेमो हा शब्द आपण आता कुकर विकणाऱ्याच्या तोंडीही ऐकतो. संगीतात त्याचा अर्थ कच्चा खर्डा असा आहे. ही चाल अशी आहे, हे शब्द असे बसतात, हे दाखवण्यासाठी केलेलं मुद्रण. ते कंपनीला, निर्मात्याला किंवा सोबतच्या वादकांना ऐकवायचं आणि मग खऱ्या स्टुडिओत खरं गाणं करायचं. घर बांधून झालं की परांची उतरवतात, तशी डेमोची टेप बाजूला पडायची.

मात्र कधी कधी परांचीच घरापेक्षा चांगली निघते. अमेरिकेतला ब्रूस स्प्रिंगस्टीन याने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात याच पोर्टास्टुडिओवर एकट्याने काही गाणी भरली. ती बँडला शिकवण्यासाठी होती. बँडसह स्टुडिओत ती पुन्हा मुद्रित केली, पण कॅसेटमध्ये जे होतं ते तिथे येईना. अखेर कॅसेटवरचीच गाणी 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

स्प्रिंगस्टीनला निवडीची संधी होती. ल्योनच्या जोडीसारख्यांना ती नव्हती. त्यांच्या डेमोनंतरचं खरं मुद्रण बहुतेकदा झालंच नाही. जे दाखवण्यासाठी केलं तेच शेवटचं ठरलं. त्यामुळे अशा टेपांना डेमो म्हणावं की पूर्ण कलाकृती, हा प्रश्न केवळ शब्दाचा उरत नाही. आपण त्या कशा कानाने ऐकतो ते त्यावर ठरतं. खर्डा म्हणून ऐकलं तर तालयंत्राचा कोरडेपणा उणीव वाटतो. कृती म्हणून ऐकलं तर तोच कोरडेपणा तिचा स्वभाव वाटतो. मी स्वतः हळूहळू दुसऱ्या बाजूला आलो. त्या दोन निर्विकार आवाजांमागे मागचं काहीही लपवायला जागा नाही. स्टुडिओत पंचवीस ट्रॅक चढवले असते तर ती जागा आयती मिळाली असती.

हरवणं आणि सापडणं

'मिनिमल वेव्ह' ही कंपनी वेरोनिका वासिका यांनी २००५ साली सुरू केली. त्यांची पद्धत साधी आणि चिकाटीची आहे : जुन्या कॅसेटी आणि घरगुती तबकड्या गोळा करायच्या, त्या करणाऱ्यांना शोधून काढायचं, त्यांच्याकडे आणखी काय शिल्लक आहे ते विचारायचं आणि त्यांच्या संमतीने ते नीट उतरवून प्रसिद्ध करायचं. कंपनीचं पहिलंच प्रकाशन लंडनच्या एका जोडीचं होतं, 'ऑपनहायमर ॲनालिसिस'चं. तेही मुळात १९८२ सालच्या कॅसेटवरचं. २०१० मध्ये 'द मिनिमल वेव्ह टेप्स' हा निवडक गाण्यांचा संग्रह निघाला आणि त्यात 'द्यो'चं 'गेम अँड परफॉर्मन्स' हे गाणं होतं. अनेकांनी त्यांना ऐकलं ते तिथे.

अशा शोधांचे दोन धागे आपल्याकडेही येतात. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. रोलँड कंपनीची नव्याने आलेली तीन यंत्रं, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, यांवर त्यांनी दहा राग वाजवले. तबकडी चालली नाही. तिचा खर्ज ज्या यंत्रातून आला, त्याच यंत्रातून पाच वर्षांनी शिकागोत 'ॲसिड हाउस' नावाचं नृत्यसंगीत निघालं आणि जगभर पसरलं. एडो बाउमन या डच संगाहकाला सिंग यांची तबकडी सापडली आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. 'द्यो'चा संग्रहही त्याच वर्षीचा. सिंग उतारवयात परदेशी रंगमंचांवर ती वाजवू शकले. २०१५ साली ते गेले.

दुसरा धागा अहमदाबादचा. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई आणि इतर काहींनी तिथे इलेक्ट्रॉनिक रचना केल्या. मग तो स्टुडिओ बंद पडला आणि टेपा संस्थेच्या कपाटात राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराने त्या शोधून उतरवल्या आणि २०२३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे भारतात इलेक्ट्रॉनिक संगीत फार उशिरा आलं, हे आपण जे म्हणत होतो ते कपाट उघडेपर्यंतच खरं होतं.

या सगळ्या गोष्टींत एक साम्य आहे. टेप कुणी मुद्दाम जपलेली नाही, पण टाकूनही दिली नाही. ती सापडली कारण तिच्याकडे दुर्लक्ष झालं. दुर्लक्ष हा फार मोठा संग्रहालयपाल आहे, मात्र त्याच्याकडे छत्री नसते.

टेप उतरवताना

टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर चिकटद्रव्याने बसवलेली चुंबकीय भुकटी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण बारा मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ. आवाज असतो तो भुकटीत, पण मरतं आधी चिकटद्रव्य. स्टुडिओतल्या काही जुन्या स्पूल टेपांचं चिकटद्रव्य हवेतलं पाणी शोषून विघटित होतं. ती वाजवायला घेतली की यंत्राला चिकटते, किंचाळते आणि भुकटी खाली झडते. अशी टेप सुमारे पन्नास ते पंचावन्न अंश सेल्सिअसला अनेक तास भाजतात. भाजल्यावर ती काही आठवडे वाजवण्याजोगी होते आणि तेवढ्यात उतरवून घ्यायची असते. कॅसेटींना हा आजार कमी. त्यांचे रोग वेगळे : आतली दाबपट्टी निखळणं, टोकाचा सांधा सुटणं आणि आपल्याकडे सर्वांत वाईट म्हणजे बुरशी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरातून आलेली कॅसेट मी आधी उजेडात धरतो. फितीच्या गुंडाळीवर पांढरट नक्षी दिसली तर ती यंत्रात घालत नाही.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या आईच्या आवाजातली कॅसेट आणून दिली होती. आई कुणी गायिका नव्हत्या. मंगळागौरीची आणि डोहाळजेवणाची गाणी त्या स्वयंपाकघरात म्हणत होत्या आणि जावयाने टेप चालू करून ठेवली होती. तेवढी एकच प्रत. मला उत्साह फार. एकदा वाजवून तर पाहू, म्हणून मी ती तशीच लावली. दोन मिनिटं आवाज स्वच्छ आला आणि मग यंत्राने कॅसेट खाल्ली. बुरशीने चिकटलेला वेढा सुटला नाही आणि रबरी चाकाभोवती फीत गुंडाळून चुरगळली. पेन्सिल घालून, कवच उघडून, दुसऱ्या कवचात फीत भरून बाकीचं वाचवलं. पण एका गाण्याचा साधारण अर्धा मिनिटाचा तुकडा गेला तो गेलाच. बाई काही बोलल्या नाहीत. 'बाकीचं तरी आहे ना,' एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून माझा नियम असा आहे : आधी कवच बदलायचं, मग हाताने हळूहळू पूर्ण फीत पुढे-मागे करायची, यंत्र साफ करायचं आणि पहिल्याच वाजवणीत संगणकावर मुद्रण चालू ठेवायचं. 'वाजवून पाहणं' नावाची पायरीच नाही. पहिली वाजवणी शेवटचीही असू शकते.

दोन गोष्टी आणखी. यंत्राचं मुद्रणशीर्ष फितीशी काटकोनात नसलं तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. मूळ मुद्रण ज्या यंत्रावर झालं त्याचा कोन वेगळा असू शकतो, म्हणून प्रत्येक टेपसाठी तो छोटा स्क्रू फिरवून आवाज सर्वांत उजळ होईल तिथे थांबावं लागतं. दुसरी गोष्ट वेगाची. स्वस्त यंत्रं हळू किंवा जलद चालत आणि मग तीस वर्षांनी गाण्याची पट्टी खरी कोणती हे कळत नाही. इथे घरगुती मुद्रणातला दोषच मदतीला येतो. घरातल्या विजेची बारीक घूं अशी गुणगुण बऱ्याच टेपांवर उतरलेली असते. फ्रान्समध्ये आणि भारतात विजेची वारंवारता पन्नास हर्ट्झ. ती गुणगुण टेपवर बावन्नला भरली तर टेप जलद वाजते आहे, तेवढी हळू करायची. चांगल्या स्टुडिओत ही गुणगुण कटाक्षाने टाळलेली असते. घरातल्या खोलीने मात्र आपला पुरावा मागे ठेवलेला असतो.

परवानगी कुणाची?

आता तिसरा प्रश्न. फ्रेंच कायद्यात लेखक-कलावंताच्या नैतिक हक्कांना मोठं स्थान आहे. ११ मार्च १९५७ च्या कायद्याने ते स्पष्ट केले आणि त्यांतला पहिला हक्क प्रकटनाचा आहे : कृती लोकांपुढे आणायची की नाही, कधी आणि कशी, हे ठरवण्याचा अधिकार फक्त कर्त्याचा. हे हक्क विकता येत नाहीत आणि मृत्यूनंतरही संपत नाहीत. आपला कॉपीराइट कायदाही १९५७ सालचाच. त्याच्या ५७व्या कलमात कर्त्याला कृतीवर आपलं नाव सांगण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा हक्क आहे. पण न दाखवण्याचा हक्क आपल्याकडे इतक्या ठसठशीतपणे सांगितलेला नाही. तो आपण संकोचावर सोपवला आहे.

'द्यो'च्या बाबतीत कर्ते हयात असताना त्यांच्याशी बोलून संग्रह निघाला. म्हणून तो सापडण्याचा आनंद निर्मळ आहे. पण प्रत्येक कपाटाचा मालक विचारायला उरलेला नसतो. आणि टेप वहीसारखी नसते. वहीत माणूस लिहायचं ते निवडून लिहितो, टेप मात्र निवड करत नाही. मी उतरवलेल्या एका बैठकीच्या टेपेत दोन बंदिशींच्या मध्ये घरातलं भांडण आहे. पैशांवरून, नावं घेऊन. गायकाने तंबोरा जुळवता जुळवता ते ऐकलेलं आहे, कारण पुढची बंदिश सुरू करायला तो बराच वेळ घेतो. संगीताच्या अभ्यासकाला तो विलंब मोलाचा वाटेल. घरच्यांना विचारलं तेव्हा दोघा भावांनी वेगवेगळी उत्तरं दिली. शेवटी मी दोन प्रती केल्या : एक पूर्ण, जी घरातच राहील, दुसरी फक्त गाण्याची, जी कुणालाही देता येईल. कुठे काय वगळलं आहे, याची नोंद दुसऱ्या प्रतीसोबत ठेवली. हा न्याय बरोबर होता की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मूळ फितीला हात लावायचा नाही आणि वगळलेलं लपवायचं नाही, या दोन गोष्टींबद्दल मात्र शंका नाही.

आपल्या दारातली एक जोडी

लेख ल्योनमध्ये सुरू झाला. संपवतो पुण्यात, कारण तिथे एका फ्रेंच माणसाने आणि एका मराठी बाईने केलेल्या टेपा आहेत. गी पॉइतवाँ हे फ्रान्समधून भारतात आले, पुण्यात राहिले आणि भारतीय नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, लाखाहून अधिक ओव्या. १९९०च्या दशकात बेर्नार बेल हे दुसरे फ्रेंच संशोधक येऊन मिळाले आणि ओव्यांची संगणकीय सूची व ध्वनिमुद्रणं झाली. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पुढे हा संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'कडे आला. तिथल्या मंडळींनी केवळ टेपा प्रसिद्ध केल्या नाहीत. ती पुन्हा त्या गावांत गेली, हयात असलेल्या बायांना भेटली, त्यांच्याकडून पुन्हा ऐकलं.

ओव्या हे 'प्रायोगिक संगीत' नाही आणि पोर्टास्टुडिओ म्हणजे जातं नाही, हे मला कळतं. पण जातंही दोघींनी ओढायचं असतं, त्याची घरघर हाच ताल असतो आणि ते गाणं श्रोत्यांसाठी केलेलं नसतं. घरात, कामाच्या ओघात, कुणी ऐकेल या अपेक्षेशिवाय जे गायलं जातं, त्याचा एक वेगळाच खरेपणा असतो. ल्योनच्या खोलीत तोच आहे असं मला वाटतं. म्हणूनच ती गाणी परकी वाटता वाटता थांबतात.

युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ साली जगभरच्या संस्थांना टेपांबाबत इशारा दिला होता. टेपा कदाचित आणखी काही वर्षं टिकतील, पण त्या वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं आधी संपतील, आणि साधारण २०२५ नंतर हे काम फार अवघड होईल, असं त्याचं सार होतं. तो काळ आता आला आहे. माझ्या यंत्राचा रबरी पट्टा गेल्या वर्षी तुटला तेव्हा बसवून देणारे कारागीर पंचाहत्तरीच्या पुढचे होते आणि त्यांनी दुकान आवरायला घेतलं होतं.

दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली असेल. माळ्यावरून कॅसेटींचा खोका खाली आला असेल आणि 'आता हे कोण ऐकतंय' म्हणून दाराशी ठेवला असेल. तो आत घ्या. कागदाच्या चिठ्ठीवर शाई पुसट झाली असेल तर आवाज कुणाचा हे ज्यांना ओळखता येतं त्यांना आजच विचारून ठेवा. पाठीमागची ती छोटी प्लॅस्टिकची जीभ मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. आणि वाजवून पाहू नका. आधी उजेडात धरून बघा.